‘कोणते पवार?’ : भाड्याची खोली आणि आपले साहित्य

दलित साहित्याच्या समीक्षेने जागांचा हिशेब पुष्कळ मांडला आहे. गावकूस झाले, पाणवठा झाला, चावडी झाली, देवळाची पायरी झाली. शहराकडे वळल्यावर झोपडपट्टी, फुटपाथ, चाळ आणि गिरणीचे गेट हेही झाले. परंतु एका जागेकडे आपल्या समीक्षकांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. ती जागा म्हणजे दुसऱ्याच्या घराचा उंबरठा. खोली भाड्याने मागायला आलेला आपला माणूस तिथे चपला काढून उभा असतो आणि आतून एकामागून एक प्रश्न येत असतात.

गावात असे प्रश्न येत नाहीत. कोण कुणाचा, कोणत्या आळीचा, हे तिथे सर्वांना जन्मापासून ठाऊक असते. शहरात ते ठाऊक नसते म्हणून विचारावे लागते. गावात जी व्यवस्था मुकाट्याने चालत होती तिला शहरात आल्यावर तोंड उघडावे लागले, आणि तिने ते उघडले प्रथम खोलीच्या दारात. म्हणून मला वाटते की घरमालकाचे प्रश्न हा जातिव्यवस्थेचा शहरी मजकूर आहे. तो मजकूर एखाद्या कथेसारखा काळजीपूर्वक वाचला पाहिजे. कोणता प्रश्न भाड्यासाठी आहे, कोणता घराच्या काळजीसाठी आहे आणि कोणता केवळ वर्ण शोधण्यासाठी आहे, याची निवड केली पाहिजे. घरमालकाने काही विचारूच नये, असे मी म्हणणार नाही. आपले घर परक्याच्या हाती देणाऱ्याला चौकशीचा हक्क आहे. ही चौकशी कशाची आणि कशी करावी, एवढाच वाद आहे. हा वाद आता आपल्याही घरात आला आहे, हे मी पुढे सांगणार आहे.

या विषयावरचा आपल्याकडचा सर्वांत मोलाचा मजकूर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाच्या त्यांच्या इंग्रजी आठवणी त्यांच्या कागदपत्रांत होत्या. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने छापल्या. त्यातला बडोद्याचा प्रसंग सर्वांना माहीत आहे. आपण तो भाषणांतून इतक्यांदा ऐकला आहे की तो वाचायचे राहून गेले आहे. १९१७ साली परदेशातले शिक्षण घेऊन आलेला हा तरुण बडोदा संस्थानाच्या नोकरीवर रुजू व्हायला येतो. हिंदूंच्या खानावळी-हॉटेलांत जागा मिळणार नाही हे त्याला ठाऊक आहे. म्हणून तो पारशी धर्मशाळेत जातो. आपण ऐकलेला भाग म्हणजे काठ्या घेऊन आलेले पारशी. माझे लक्ष मात्र पहिल्या संध्याकाळच्या त्या रखवालदाराकडे जाते.

तो रखवालदार कसा पारखतो ते पाहा. तो आधी नाव विचारत नाही. कपडे उतरवत असलेल्या पाहुण्याच्या अंगाकडे पाहतो. पारशाच्या अंगात सदरा असतो. इथे तो दिसत नाही. मग तो विचारतो, तू कोण? उत्तर मिळते, हिंदू. धर्मशाळा फक्त पारशांसाठी आहे, असे तो सांगतो. इथे प्रसंग संपायला हवा होता. पण धर्मशाळा रिकामी पडलेली आहे आणि रखवालदाराला चार पैशांची गरज आहे. तेव्हा तडजोड निघते. दिवसाचे दीड रुपया द्यायचे आणि नोंदवहीत पारशी नाव लिहायचे. वरच्या मजल्यावर अडगळीच्या सामानाने भरलेला दिवाणखाना, शेजारी लहानशी खोली, उजेडाला कंदील. तिथे तो तरुण राहतो. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर माणसे काठ्या घेऊन जिना चढून येतात आणि जाब विचारतात : पारशी नाव घेण्याची तुझी हिंमत कशी झाली?

हा प्रश्न नीट ऐकावा. नाव घ्यायला लावले कोणी? वही पुढे केली कोणी? पारखणीचा नियम धर्मशाळेचा, तो मोडण्यातला फायदा रखवालदाराचा. आणि खोटेपणाचा गुन्हा तेवढा भाडे भरणाऱ्याच्या माथी. काठ्या खाली रखवालदाराच्या दारात थांबल्या नाहीत, त्या थेट वर गेल्या. अन्यायाच्या चौकशीची सगळी यंत्रणा या एका प्रसंगात उघडी पडते. जी चौकट खरे उत्तर देणाऱ्याला आत घेत नाही, ती खोट्या उत्तराची मागणी स्वतःच निर्माण करते; आणि ते उत्तर मिळाले की त्याचीच शिक्षा देते.

त्याच दिवशी बाबासाहेब दोन मित्रांकडे विचारणा करतात. हिंदू मित्र सांगतो की तुला घरी आणले तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणतो, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो. नवराबायको मूळचे ब्राह्मण. ख्रिस्ती झाल्यावर नवरा विचाराने उदार झाला, बायको जुन्याच वळणाची राहिली, हे बाबासाहेबांना पुढे कळले. मग कमाठी बागेत पाच तास बसून रात्रीच्या गाडीने मुंबईला परत. काठीवाल्यांबद्दल आपण पुष्कळ बोलतो. पण ‘पत्नीला विचारून सांगतो’ या वाक्याबद्दल आपण बोलत नाही. हे वाक्य अधिक टिकाऊ ठरले आहे. काठ्या शहरात कमी झाल्या. हे वाक्य आजही रोज हजार दारांत बोलले जाते.

आता बाबूराव बागूल. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा त्याच नावाच्या १९६३ च्या संग्रहात आली. मुंबईचा तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत उधन्याला जातो. जात विचारली जाते तेव्हा तो मुंबईचे नाव पुढे करून वेळ मारून नेतो. लोक त्याला मान देतात, जवळ करतात. शेवटी जात उघडी पडते आणि मार बसतो. काशिनाथ मात्र जात न लपवता त्याच कारखान्यात ताठ उभा असतो आणि अखेरीस तोच मदतीला येतो. आपल्या समीक्षेने या दोघांची तुलना वारंवार केली : लपवणारा आणि मिरवणारा, भेदरलेला आणि बंडखोर. ही तुलना खोटी नाही, पण तिने कथेतला तिसरा माणूस झाकून टाकला. विचारणारा तो तिसरा. बागुलांनी विचारणाऱ्यांना राक्षस केलेले नाही. ती माणसे प्रेमळ आहेत, पाहुणचार करू पाहणारी आहेत. त्यांचा जिव्हाळाच जातीच्या उत्तरावर टांगलेला आहे. कथेतली खरी दहशत काठीत नाही, या जिव्हाळ्यात आहे.

शीर्षकाबद्दल मला एक तक्रार नोंदवायची आहे. बागुलांविषयीचा आदर राखून नोंदवतो. ‘चोरली’ हे क्रियापद कुणाचे? जात ही ज्याची त्याला जन्माने चिकटवलेली वस्तू. ती त्याने सांगितली नाही तर चोरी कुणाच्या मालाची झाली? हा शब्द विचारणाऱ्याच्या तोंडचा आहे. नायकाने तो स्वतःच्या तोंडी घेतला, यात उपरोध आहे हे मला कळते. परंतु पुढच्या साठ वर्षांत आपण तो उपरोध विसरलो आणि शब्द तेवढा ठेवला. आपली मुले आजही ‘मी जात चोरून राहतो’ असे म्हणतात आणि मान खाली घालतात. एखाद्या विद्यार्थ्याने खोली घेताना जात सांगितली नाही, तर त्याने जे विचारायला नको होते त्याचे उत्तर दिले नाही, इतकेच झाले. त्याला चोरी म्हणू नये.

मीही असा राहिलो आहे. १९७७ साली औरंगाबादेत शिकायला आलो तेव्हा वसतिगृहात नंबर लागेपर्यंत एका जुन्या वाड्यात खोली घेतली. माझे आडनाव पवार. ते मराठ्यांत आहे, आमच्यात आहे आणि आणखी कितीतरी जमातींत आहे. मालकीणबाईंनी विचारले, ‘कोणते पवार?’ मी गावाचे नाव सांगितले. त्यांचे समाधान झाले, कारण त्या गावात त्यांचे कोणी दूरचे नातलग होते. चार महिने बरे गेले. त्या सणाला वाटीत पुरण आणून देत. मग एके दिवशी पोस्टमनने माझे आंतर्देशीय पत्र त्यांच्या हाती दिले. वडिलांना शिक्षण बेताचे. त्यांनी पत्त्याच्या बाजूलाही मोठ्या अक्षरात ‘जयभीम’ लिहिले होते. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आडावरचा पोहरा दिसेनासा झाला. दोरी कुजली म्हणाल्या. महिनाभर मी रस्त्यावरच्या नळावरून पाणी भरले आणि खोली सोडली. भाडे मी एकदाही थकवले नव्हते. मला कोणी हाकलले नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. नकार नेहमी नकाराच्या रूपात येत नाही. तो दोरी कुजल्याच्या रूपातही येतो.

हे जुने झाले, असे पांढरपेशे मित्र म्हणतात. जानेवारी ते मार्च २०१२ या काळात दिल्ली, फरिदाबाद, गाझियाबाद, गुडगाव आणि नोएडा या पाच शहरांत भाड्याच्या घरांसंबंधी एक अभ्यास झाला. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा लेख २०१५ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. दलित आणि मुस्लीम भाडेकरूंना थेट नकार मिळतो आणि जे मालक होकार देतात ते पुष्कळदा वेगळ्या, अन्यायाच्या अटी लादतात, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे माझी कुजलेली दोरी तिथेही आहे. तिचे नाव फक्त बदलले : जास्तीचे डिपॉझिट, पाण्याची वेळ, ‘नॉनव्हेज चालणार नाही’, ‘पाहुणे येता कामा नयेत’.

कायद्याचे काय, असे कार्यकर्ते विचारतील. कायद्याची गोष्ट चमत्कारिक आहे. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, रस्ते यांची नावे आहेत. भाड्याच्या खोलीचे नाव नाही. परंतु १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा, जो १९७६ साली दुरुस्त होऊन नागरी हक्क संरक्षण कायदा झाला, त्याच्या चौथ्या कलमात कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, घेणे किंवा त्यात राहणे याला अस्पृश्यतेच्या कारणाने आडकाठी करणे हा गुन्हा सांगितला आहे. शिक्षा एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. बाराव्या कलमाने तर आणखी पुढची गोष्ट केली. असे कृत्य अनुसूचित जातीच्या माणसाबाबत घडले असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणानेच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावे; उलटे सिद्ध करायचे ते आरोपीने. शब्द इतके स्पष्ट आहेत. पण ज्या नकाराला कारणच दिले जात नाही, ज्याला साक्षीदार नाही, ज्याचा कागद नाही, त्याला या कलमाच्या दारापर्यंत न्यायचे कसे? ‘खोली गेली हो कालच’ एवढेच वाक्य पुरते. नोंद नसणे हेच मालकाचे मोठे संरक्षण आहे.

दुसऱ्या बाजूला २००५ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या पोटनियमात सदस्यत्व फक्त पारशांना, असे होते. गुजरात उच्च न्यायालयाने ही आडकाठी अमान्य केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. संघ स्थापण्याच्या स्वातंत्र्यात असा नियम बसतो, असा त्यामागचा विचार. बडोद्याची धर्मशाळा आणि अहमदाबादची संस्था यांच्यात ८८ वर्षांचे अंतर आहे. पारशी समाज संख्येने लहान, स्वतःला जपू पाहणारा. त्याची भीती मी खोटी म्हणत नाही. पण एकदा हे दार उघडले की त्यातून लहान समाज तेवढेच जात नाहीत, मोठेही जातात आणि ‘आम्ही आमचे जपतो’ असे म्हणतात. आपल्याही बौद्ध वसाहती आणि संस्था आहेत. बाहेर जागा नाकारली म्हणून त्या उभ्या राहिल्या. नाकारलेल्यांनी एकत्र राहणे आणि नाकारण्यासाठी एकत्र राहणे यांत फरक आहे, हे माझे मत आहे. तो फरक मात्र पोटनियमात दिसत नाही. तो दारात कोण उभे आहे आणि आपण त्याला काय विचारतो, यावर ठरतो.

तेव्हा दारातल्या प्रश्नांकडे परत येऊ. घरमालकाला खरोखर काय कळायला हवे? भाडे वेळेवर येईल का, घर नीट राखले जाईल का, आणि ठरल्या वेळी जागा सुटेल का. चौथी गोष्ट मला सुचत नाही. आता आडनावाने यांतले काय कळते? काही नाही. मालक म्हणतात, आमचा अनुभव आहे. अनुभव म्हणजे काय, तर एका जातीच्या एका माणसाने भाडे बुडवले की ती जात बुडवी ठरते. स्वतःच्या जातीच्या माणसाने बुडवले की तो माणूस बुडवा ठरतो. जात विचारून घर देणारा मालक फसतोही अधिक, कारण जात जुळली की तो पुढचे काही तपासत नाही. माझ्या ओळखीच्या एका मालकाचे जुळलेल्या जातीच्या भाडेकरूने दीड वर्षाचे भाडे थकवले. त्याची पावती, पगार, जुना पत्ता यांतले काहीही मालकाने पाहिले नव्हते. ‘घरचाच माणूस म्हटला,’ असे तो सांगतो.

खरी चौकशी कंटाळवाणी असते आणि म्हणूनच ती न्यायाची असते. माणूस दारात येण्यापूर्वीच आपल्या अटी ठरलेल्या आणि लिहिलेल्या असल्या पाहिजेत : भाडे किती, अनामत किती, किती माणसे, पाणी कधी. त्या सर्वांना सारख्याच सांगाव्या. आडनाव ऐकल्यावर आठवणारी अट ही अट नव्हे. उत्पन्नाचा पुरावा मागावा. विद्यार्थी असेल तर भाडे भरणारा पालक कोण ते विचारावे. आधीच्या घरमालकाला फोन करावा, आणि शक्य असेल तर त्याच्याही आधीच्या मालकाला. आताच्या मालकाला भाडेकरू घालवायचा असेल तर तो त्याची स्तुतीच करील. त्याच्या मागचा मालक मोकळेपणाने बोलतो, कारण त्याचे आता काही अडलेले नसते. त्याला नेमके विचारावे : भाडे किती वेळा थकले, सोडताना घर कसे होते, पुन्हा द्याल का? या कसोटीला जो पहिला उतरेल त्याला, आलेल्या क्रमाने, जागा द्यावी. अनेक आले आणि आवडीने निवडायचे म्हटले की आवड या शब्दाच्या आड सगळे जुने येऊन बसते. नाही म्हणायचे असेल तर कारण सांगावे आणि वहीत लिहावे. जे कारण तोंडावर सांगता येत नाही, ते कारण चालणार नाही. एवढी एक कसोटी पाळली तरी निम्मे काम होते.

करार कागदावर करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या ५५ व्या कलमाने तो लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, जोवर उलटे सिद्ध होत नाही. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड सांगितला आहे. आपल्यातले पुष्कळ मालक नोंदणीचा खर्च वाचवतात आणि विश्वासावर देतो म्हणतात. विश्वास कुणावर बसतो ते पाहिले की जात पुन्हा दिसते.

पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायचा फॉर्म हा प्रकार निराळा. शहरांत पोलीस तसे आदेश काढतात आणि ते पाळावे लागतात. पण जागा द्यायचे ठरल्यानंतर तो भरायचा असतो. तो निवडीची चाळणी नव्हे. भटक्या-विमुक्तांच्या मुलाला हा कागद कसा दिसत असेल याचा विचार कोणी केला आहे का? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्या आज्यापणज्यांना ठाण्यात हजेरी द्यावी लागे, आणि १९५२ साली तो कायदा गेला तरी ज्यांच्या वस्तीवर चोरी झाली की पहिली धाड पडते, त्यांच्यासाठी ठाण्याचे नाव असलेला कागद म्हणजे साधा कागद नसतो. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली. दोन्हींना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले, दोन्ही आपण अभ्यासक्रमांत लावली. त्यांवर मी वर्गात तास घेतले, प्रश्नपत्रिका काढल्या. पुढे जे लिहितो आहे ते वाचताना हे ध्यानात ठेवावे.

निवृत्तीच्या पैशांत मी घरावर मजला चढवला आणि वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायचे ठरवले. विद्यापीठ जवळ आहे, मुले येतात. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा आला. एम. ए.चा विद्यार्थी, स्वच्छ बोलणारा. आधीच्या खोलीच्या भाड्याच्या पावत्या त्याने न मागता पुढे केल्या. नाव विचारले. म्हणाला, पवार. आणि माझ्या तोंडून प्रश्न गेला : ‘कोणते पवार?’

त्याने माझ्याकडे पाहिले. गावाचे नाव सांगून सुटायची युक्ती त्यालाही ठाऊक असणार. त्याने ती वापरली नाही. ‘सर, पारधी,’ म्हणाला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, बुद्धाची मूर्ती होती. बहुधा ती पाहून त्याला वाटले असेल की इथे खरे सांगायला हरकत नाही. मी म्हणालो, ‘बरं. घरात विचारून दोन दिवसांत कळवतो.’

तो गेल्यावर मी बराच वेळ स्वतःला कारणे देत होतो. शेजारी काय म्हणतील. मुलगा एकटा. वर गच्चीचे दार उघडे असते. यांतले एकही कारण मी त्या मुलाला तोंडावर सांगू शकलो नसतो. त्याच्या आदल्याच आठवड्यात मी आमच्यातल्या एका मुलाला, पावती-बिवती काही न पाहता, शेजारची खोली दिली होती. जो प्रश्न १९७७ साली माझ्या छातीत रुतला होता तो मी जपून ठेवला होता आणि पहिल्या संधीला दुसऱ्यावर फेकला, आणि तोही आपल्याहून दुबळ्यावर. विषमतेच्या जिन्याबद्दल बाबासाहेबांनी जे सांगितले ते मी शिकवत आलो. त्या जिन्याची एक पायरी मी माझ्याच नव्या मजल्याला बांधून घेतली होती.

हे मी पश्चात्तापाचे प्रदर्शन म्हणून लिहीत नाही. आत्मकथनांच्या लाटेत आपण पश्चात्तापही पुष्कळ छापले आहेत. माझा मुद्दा साहित्याचा आहे. आपल्या कथेत आणि आत्मकथनात भाडेकरू आहे. घरमालक झालेला दलित फारसा नाही. तो मजला चढवतो, पाटी लावतो, प्रश्न विचारतो, ‘आपल्यातलाच पाहिजे’ म्हणतो. मातंग आला तर एक उत्तर देतो, मुसलमान आला तर दुसरे, पारधी आला तर तिसरे. हा माणूस आपल्या वसाहतींत घरोघर आहे. त्याच्याविषयी लिहिले तर चळवळीला बाधा येईल, प्रस्थापितांच्या हाती कोलीत मिळेल, असे काही मित्र म्हणतात. मला हे पटत नाही. वेदनेला आपण प्रमाण मानले, तर ती दुसऱ्याच्या अंगावर उठली तरी प्रमाण मानावी लागेल. बागुलांच्या कथेतला विचारणारा आपल्याला दिसला नाही, याचे एक कारण हेही असेल की तो उद्या आपणच होणार होतो. आपल्या नव्या कथाकारांनी आता दाराच्या आतल्या बाजूने कथा सांगावी. ती बाहेरच्या बाजूइतकी सोपी नाही.

दोन दिवसांनी मी त्या मुलाला फोन केला. खोली त्याच्यासाठी ठेवली आहे, असे सांगितले. ‘सर, मिळाली मला जागा,’ तो म्हणाला. कुठे मिळाली ते त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आता वरच्या खोलीसाठी येणाऱ्याला मी एक छापील कागद देतो. त्यात भाडे, माणसे, आधीच्या दोन मालकांचे फोन आणि अटी एवढेच आहे. नावासाठी एक ओळ आहे आणि ते नाव कसे लिहायचे ते लिहिणाऱ्यावर आहे. कागद तयार झाल्यावर पत्नीला दाखवला. तिने तो वाचला आणि विचारले, ‘त्या पवारांच्या पोराला तुम्ही घरात विचारून सांगतो म्हणालात ना? मला कधी विचारलंत?’